फराळ पोचला, लाइट बिलाचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात माजिवड्याला राहतो, सोसायटी ९० फ्लॅटची आहे. दर दिवाळीला वर्गणी काढून मुलांच्या एका संस्थेत फराळ न् कपडे देतो, फोटो ग्रुपवर टाकतो आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत कोणाला आठवणही नसते. यंदा वर्षभराचं काहीतरी करू म्हणतोय, पण तरुण मंडळी म्हणतात वेळ नाही आणि ज्येष्ठ म्हणतात पैसे कुठे जातात कोणाला ठाऊक. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फराळ देऊच नका असं मी म्हणणार नाही हो, पोरांना चकली आवडतेच. पण दिवाळीच्या आठवड्यात अशा संस्थेच्या स्वयंपाकघरात डोकावून बघा, डब्यांवर डबे, खालच्या करंज्या मऊ पडलेल्या, आणि एरवीही एखाद्या रविवारी दुपारी तीन वेगवेगळ्या घरांचे तीन बर्थडे केक, पोरं तिसऱ्यांदा टाळ्या वाजवतायत आणि संस्थेतल्या ताई पाहुण्यांना चहा देण्यात अडकलेल्या. जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे येतात तेही ठीक. मग जुलै-ऑगस्टला कोणी फिरकत नाही, आणि नेमकं तेव्हाच छत गळतं, पोरं तापाने फणफणतात, औषधांचा खर्च वाढतो. भाडं, लाइट बिल, शिकवणाऱ्या ताईंचा पगार, यासाठी पैसे द्यायला तर कोणीच तयार नसतं, कारण लाइट बिलासोबत फोटो काढता येत नाही ना!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, थोडं द्या पण दर महिन्याला द्या, आणि कशावर खर्च करायचे ते त्यांना ठरवू द्या. ९० पैकी ३० घरांनी २०० रुपये दिले तरी महिन्याला ६,००० होतात, म्हणजे वर्षाचे ७२,०००. संस्थेने सोय केली असेल तर यूपीआयचं ऑटोपे लावा, म्हणजे दारोदार वर्गणी मागत फिरायला नको आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांचीही सोय झाली.

तुमच्या जवळचंच उदाहरण देते. तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा आहे, २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने सुरू केली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी. आता शाळा म्हटली की शिक्षक रोज लागणार, जेवण रोज लागणार, ती काही फक्त दिवाळीत भरत नाही.

ज्येष्ठांची शंका मात्र रास्त आहे, तिला हसू नका. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशोब सरळ मागा, चांगली संस्था रागावत नाही, उलट फाइल काढून पुढ्यात ठेवते. टाळाटाळ झाली तर दुसरी बघा. टॅक्सचंही सांगून टाकते, देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही, २,००० च्या वर रोख दिले तर मिळत नाही, आणि वस्तूंवर तर नाहीच, म्हणजे तुमच्या लाडवांवर शून्य. संस्थेला ८०जीची मान्यता आहे ना तेही आधी विचारा, पावती घ्या, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्रही मागून घ्या.

प्रश्न : नेरुळला राहतो, अकाउंट्समधून रिटायर झालो. पेन्शनमधून फार देता येत नाही. मुलांना शिकवायला जाऊ का?

उत्तर : काका, शिकवायला हौशी माणसं मिळतात, हिशोब लिहायला कोणी मिळत नाही! छोट्या संस्थेत देणगीच्या पावत्या बुटाच्या खोक्यात असतात आणि मार्च संपला की धावपळ, कारण ऑडिट करायचं असतं, ८०जी असेल तर देणगीदारांची माहिती ३१ मेच्या आत इन्कम टॅक्सकडे ऑनलाइन भरायची असते, आणि हे सगळं त्याच ताई करतात ज्या सकाळी भाजी निवडत होत्या. तुम्ही एक वार ठरवा, समजा मंगळवारी ११ ते १, आणि तो चुकवू नका. ‘केव्हाही बोलवा, येतो’ म्हणणारा माणूस गोड असतो पण त्याच्या भरवशावर कामाची आखणी करता येत नाही.

प्रश्न : वाशीहून. जुने कपडे द्यावेत का?

उत्तर : आधी फोन करा, मग पिशव्या भरा. धुतलेले, बटणं-चेन धड असलेले, आपल्या भाच्याला निःसंकोच देऊ असेच. फाटकं असेल तर घरीच लादी पुसायला घ्या, संस्थेला ते फेकायला वेगळा टेम्पो करावा लागतो. सुती साड्या मात्र विचारून बघा, शिवणकाम करणाऱ्या महिला गटांना पिशव्यांसाठी लागतात आणि तिथे थोडी विरलेलीही चालून जाते.