विचारा तर खरं: दुपारची मिटिंग आणि काळ्या फिती

प्रश्न: माझी आई पवईत चार घरची धुणीभांडी करते. दिवाळीपासून तिच्याबरोबरची एक मावशी तिला चर्चच्या हॉलमधल्या मिटिंगला नेते. तिथे सिस्टर येतात, कसले तरी फॉर्म भरून घेतात. चाळीत कुजबुज आहे की हे लोक बाटवतात. वडील चिडलेत. आईला जाऊ द्यावं का?
– एक मुलगा, विक्रोळी

उत्तर: ‘जाऊ द्यावं का’ हे तुम्ही आणि वडिलांनी ठरवायचं, हे आधी डोक्यातून काढा. चार घरं सांभाळणाऱ्या बाईला आपलं भलं कळतं.

आता बाटवण्याचं. मी समाजकार्य शिकले ते निर्मला निकेतनमध्ये, म्हणजे नन्सच्याच कॉलेजात. घरी तुळशीवृंदावन तेव्हाही होतं, आजही आहे. मुंबईत हा विषय शिकवायला सुरुवात झाली तीच 1936 साली, नागपाड्यात, अमेरिकन मराठी मिशनच्या केंद्रात. आज आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो ती संस्था. पैसा टाटांचा आणि पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट मिशनरी. तेव्हा या शहरात मिशनरी आणि समाजकार्याचं नातं जुनं आहे. तरी शंका असेल तर आईला एकच विचारा: प्रार्थनेला बसलं नाही तर फॉर्म अडतो का? अडत असेल तर तिथून खुशाल उठावं. पण तोच नियम मग गणपती मंडळालाही लावा.

तुम्ही सांगता त्यावरून ही घरकामगार बायांची बैठक दिसते. सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियन ननने 1985 मध्ये राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळ उभी केली, तेव्हापासून असं काम मुंबईत चालत आलंय. मी बसलेय अशा मिटिंगांना. वेळ दुपारची, कारण सकाळची कामं उरकलेली असतात आणि संध्याकाळची भांडी अजून पडायची असतात. सतरंजीवर बाया पाय मोकळे करून बसतात. कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड आणि पासपोर्ट फोटो काढतं, कुणी तिथेच डुलकी घेतं. बोलणं येशूचं कमी, खाड्यांचं जास्त. शेठाणी स्वतः महिनाभर गावाला गेली तर पगार का कापायचा? यावर मी तासभर वाद ऐकलाय.

फॉर्म बहुधा नोंदणीचा असेल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. वय 18 ते 60, राहण्याचा पुरावा आणि जिथे काम करते तिथला दाखला, एवढं लागतं. घोडं अडतं ते दाखल्यापाशी. दहा वर्षं हातावर किल्ली ठेवणाऱ्या मालकिणी दोन ओळी लिहून द्यायची वेळ आली की ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणतात. (त्यात रविवारी पहिल्या बाकावर मिस्साला बसणाऱ्याही आल्या. सिस्टरना हे पक्कं ठाऊक असतं.) एकटी बाई तिथून परत फिरते, चौघी मिळून गेल्या तर सही होते. 2021 च्या टाळेबंदीत सरकारने घरकामगारांना 1500 रुपये दिले ते नोंद असलेल्यांनाच. नोंदणी वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते, तेवढं आईला बजावा.

आणि चोरीचा आळ आला तर? सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, अपवादच असला तर महिला पोलीस आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. हे आईला चाळीतल्या कुणी सांगितलंय का? घरकाम करणाऱ्या बाईचा लैंगिक छळ झाला तर 2013 च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हेही तिथेच कळेल. वडिलांना एकदा बरोबर पाठवा. चहा मिळतो.

प्रश्न: शेजारच्या चर्चमध्ये 10 ऑगस्टला काही जण काळ्या फिती लावून उभे होते. कशासाठी?
– एक वाचक, धारावी

उत्तर: 10 ऑगस्ट 1950 ला, कुणाला अनुसूचित जातीत धरायचं हे ठरवणारा राष्ट्रपती आदेश निघाला. त्यात पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर हिंदू नसलेल्यांना जागा नव्हती. 1956 मध्ये बाकीचे शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. म्हणून तो दिवस चर्च काळा दिवस म्हणून पाळतं. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा असं सुचवलं, 2022 मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला.

मला त्या फितींइतकंच महत्त्वाचं वाटतं ते 2016 चं कॅथलिक बिशपांचं धोरण. चर्चच्या आतही जात पाळली जाते, हे त्यांनी त्यात लेखी कबूल केलं. तुमच्या शेजारच्या चर्चमध्ये ते कुणी वाचलंय का, पुढच्या 10 ऑगस्टला जरूर विचारा.