वाचकांचे प्रश्न : वाळवंटी किनाऱ्यावरचा नवा रस्ता

प्रश्न : माझी मुलगी व जावई अमेरिकेत सॅन डिएगो येथे राहतात. येत्या जानेवारीत आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथून मोटारीने मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने सॅन फेलिपे, पुएर्तेसितोस आणि पुढे गोन्झागाच्या उपसागरापर्यंत जाण्याचा जावईबापूंचा बेत आहे. त्यांच्याजवळच्या जुन्या प्रवास-पुस्तकात, उंच चाकांची गाडी आणि दोन जादा टायर असल्याखेरीज या वाटेला जाऊ नये, असे लिहिले आहे. त्यांचे सहकारी मात्र सांगतात की, आता तेथे गुळगुळीत डांबरी रस्ता झाला आहे. माझे वय ६६ आहे आणि पत्नीला कंबरेचा त्रास आहे. आम्ही कोणाचे खरे मानावे? आपल्या समृद्धी महामार्गासारखा प्रवास होईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पुस्तकही खरे आहे आणि सहकारीही. दोघे वेगवेगळ्या वर्षांतल्या रस्त्याविषयी बोलत आहेत, इतकेच.

या द्वीपकल्पाची उत्तर-दक्षिण जोडणी उत्तर भागात मुळात पश्चिमेच्या अंगाने झाली. तिहुआना ते काबो सान लुकास हा सुमारे १,७०० किलोमीटरचा महामार्ग क्रमांक १ डिसेंबर १९७३ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७४ मध्ये, द्वीपकल्पाच्या दक्षिण भागाला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला. पूर्वेकडचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखाताला लागून असलेला किनारा मात्र त्यानंतरही कित्येक दशके मागेच राहिला. मेहिकालीहून निघणारा महामार्ग क्रमांक ५ सॅन फेलिपेपर्यंत चांगला होता. त्याच्या पुढे डांबर कसेबसे पुएर्तेसितोसला पोहोचे, आणि तेथून थेट लागुना चापालाजवळ क्रमांक १ च्या महामार्गाला मिळेपर्यंत दगडगोट्यांची वाट होती. तेथील डांबरीकरण तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकत गेले. २०१८ च्या वादळात त्यातले पूल वाहून गेले, तेव्हा दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा अजून कच्चाच होता. त्यानंतरच्या काही वर्षांत तोही पूर्ण झाला.

मी स्वतः या वाटेने दोनदा गेलो आहे. पहिल्या वेळी डांबर पुएर्तेसितोसच्या जरा पुढे जाऊन संपले होते. बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला खराब रस्त्याचे अप्रूप नसते. तरीही त्या वाटेने मला चकित केले. खड्डे फारसे नव्हतेच. होत्या त्या आडव्या लाटा, पन्हळी पत्रा जमिनीवर अंथरावा तशा, मैलोन्मैल. कच्च्या रस्त्यावरून ठरावीक वेगाने गाड्या जात राहिल्या की, चाकांच्या उसळण्याने अशा लाटा आपोआप उठतात आणि प्रत्येक नव्या गाडीने त्या अधिक खोल होतात. आमच्या चालकाने डांबर संपताच खाली उतरून चारही टायरांतली हवा कमी केली, डॅशबोर्डावरच्या सगळ्या वस्तू पिशवीत भरल्या आणि दारे पुन्हा एकदा घट्ट लावून घेतली. तासाभरात आरशाचा एक स्क्रू सैल होऊन माझ्या मांडीवर पडला. पुएर्तेसितोसपासून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत जेमतेम १३० किलोमीटर अंतर, पण त्यात आमचा पुरा दिवस गेला. त्या दिवशी आपल्या पत्नी बरोबर असत्या, तर मी त्यांना परत फिरा असेच सांगितले असते.

आज तेवढेच अंतर साधी मोटार दोन-अडीच तासांत कापते, आणि कंबरेला त्रास होण्याचे कारण फारसे उरलेले नाही. शिवाय आणखी एक बदल झाला आहे, जो मला वेळेच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. पूर्वी हा किनारा म्हणजे बंद बोळ होता. ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने सामान्य प्रवाशाला परत यावे लागे. आता जाताना आखाताच्या कडेने जाऊन, चापालाजवळ क्रमांक १ च्या महामार्गाला लागून, कातावीन्याच्या प्रचंड शिळा, खांबांसारखे कार्दोन निवडुंग आणि उलट्या रोवलेल्या गाजरासारखी दिसणारी सिरियोची झाडे पाहत पश्चिम किनाऱ्याने परत येता येते. एन्सेनादा ते सान किन्तीन या पश्चिमेच्या भागातली वस्ती व वाहतूक टाळण्यासाठी लांब दक्षिणेला जाणारी मंडळीही आता पूर्वेची वाट धरतात. थोडक्यात, आडवाटेचा किनारा हमरस्त्यावर आला आहे.

समृद्धीशी तुलना मात्र मनातून काढून टाकावी. मेहिकाली ते सॅन फेलिपे हा भाग बहुतांश चौपदरी आहे; पण त्याच्या पुढे एकच डांबरी पट्टा, दोन्ही दिशांची वाहने त्याच्यावरच, मध्ये दुभाजक नाही, आणि कित्येक ठिकाणी साईडपट्टी नावालाही नाही. समृद्धीवर कुंपण असते, इथे गुरे मोकळी हिंडतात आणि रात्री उबदार डांबरावर येऊन उभी राहतात. काळी गाय, काळे डांबर आणि समोरच्या ट्रकचे प्रखर दिवे यांचा मेळ कसा जमतो, हे सिन्नर-घोटी मार्गावर रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. जानेवारीत सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा दुपारी चारला मुक्कामी पोहोचलेले असावे, हा नियम जावईबापूंकडून कबूल करून घ्यावा. जुन्या रस्त्यावर अपघात कमी होत, कारण वेगच नसे. टायर फुटे, पाटा तुटे, पण माणूस शाबूत राही. नवा रस्ता गाडीला सुखाचा आहे, आणि म्हणूनच चालकाने अधिक सावध राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रकच्या मागे असताना एक खूण ध्यानात ठेवावी. आपल्याकडे ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावून पुढे जाण्याची मुभा देतो. मेक्सिकोत वाहने उजव्या बाजूने चालत असल्याने तेच काम डावा इंडिकेटर करतो. पण तोच इंडिकेटर तो स्वतः डावीकडे वळणार असल्याचेही सांगतो! दोहोंपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे पुढे डावीकडे फाटा आहे की नाही ते पाहून ठरवावे लागते, आणि दिसत नसेल तर मागे राहावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र सीमेवर प्रवेशाची नोंद करून परवाना घ्यावा लागतो आणि परतताना आपला अमेरिकी व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा असल्याची खात्री आधीच करून घ्यावी लागते. निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहावेत. अमेरिकेतला मोटारविमा मेक्सिकोत ग्राह्य धरला जात नाही, त्यासाठी स्वतंत्र मेक्सिकन विमा घ्यावाच लागतो. गाडी भाड्याची असेल, तर ती सीमेपार नेण्याची लेखी परवानगी मागावी. पुष्कळ कंपन्या ती देत नाहीत. वाटेत लष्करी नाके लागतात. तेथे शांतपणे थांबून डिकी उघडून दाखवली की काम होते. गाडी बंद पडल्यास ०७८ या क्रमांकावर 'आन्हेलेस वेर्देस' म्हणजे 'हिरवे देवदूत' या सरकारी मदत-गाड्यांना बोलावता येते, पण या किनाऱ्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही. टाकी सॅन फेलिपेलाच काठोकाठ भरावी. पश्चिमेकडून परतणार असाल, तर हे अधिकच महत्त्वाचे आहे.

पुएर्तेसितोसला समुद्राच्या काठावर, खडकांत, गरम पाण्याची नैसर्गिक कुंडे आहेत. भरतीत ती थंड होतात आणि ओहोटीत चटके बसावेत इतकी तापतात. मधल्या वेळेत उतरावे लागते. आखाताच्या या टोकाला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून ठेवणे श्रेयस्कर. पत्नीच्या कंबरेला त्या पाण्याने आराम पडावा.

प्रश्न : मागील अंकात आपण ओझरते लिहिले होते की, या वाळवंटी किनाऱ्यावरचे नवे पूल २०१८ मध्ये वाहून गेले. जेथे वर्षभर पाऊसच नसतो, तेथे पूल वाहून कसे जातात? बांधकाम निकृष्ट होते असे समजावे काय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण पंचवटीत राहता, म्हणजे पूर मोजण्याची आपली पट्टी ठरलेली आहे. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, त्यावरून गोदाघाटावरचा दुकानदार कोणता माल केव्हा हलवायचा ते ठरवतो. या हिशोबामागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे : नदी कुठून वाहणार, हे आपल्याला माहीत असते. पाणी चढते आणि उतरते, पण पात्र जागेवर राहते.

वाळवंटात नेमकी हीच गोष्ट गृहीत धरता येत नाही. या द्वीपकल्पाचा डोंगरी कणा पूर्व किनाऱ्याच्या बाजूला सरकलेला आहे. त्याचे सर्वोच्च शिखर, पिकाचो देल दियाब्लो, ३,०९६ मीटर उंच असून, सॅन फेलिपेच्या किनाऱ्यावरून ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. म्हणजे एवढ्या उंचीवरचे पाणी फार थोड्या अंतरात समुद्राला मिळते. डोंगराच्या या पूर्व उतारावर झाडझाडोरा तुरळक, पाणी मुरवणारी माती जवळजवळ नाही. जो पाऊस पडतो तो सगळा एकदम खाली येतो आणि येताना दगडगोटे, वाळू व झुडपे घेऊन येतो. डोंगराच्या पायथ्याशी हा सारा राडारोडा पंख्याच्या आकारात पसरतो. त्या पंख्यावर ओहोळाला स्वतःचे असे पात्र नसते. या वर्षी तो उत्तरेच्या कडेने वाहील, पुढच्या खेपेस मधूनच. आपण पूल बांधतो एका जागी, आणि पाणी येते शंभर पावले पलीकडे.

त्यामुळे बहुतेक वेळा पुलाचा गाळा तुटत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव जातो. पाण्याला पुलाखालची वाट पुरली नाही, की ते रस्त्याच्या भरावाला बांधासारखे अडते, कडेने पोखरते आणि काही मिनिटांत डांबराखालची माती काढून घेते. डांबराचा पापुद्रा तेवढा हवेत लोंबत राहतो. २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस 'रोसा' नावाचे चक्रीवादळ पॅसिफिकमधून आले. किनाऱ्याला पोहोचेपर्यंत त्याचा वाऱ्याचा जोर ओसरला होता, पण पाणी शिल्लक होते, आणि सॅन फेलिपेच्या दक्षिणेकडील अनेक पूल त्या पाण्याने निकामी केले. पुढे दीर्घकाळ वाहने पुलाशेजारून ओढ्यात उतरणाऱ्या कच्च्या वळणरस्त्याने जात राहिली. बांधकामाचा दर्जा मी तपासलेला नाही, त्यामुळे निकृष्ट म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या भूमीवर उंच भराव घालून मोजके पूल देण्यापेक्षा रस्ता जमिनीलगत ठेवावा, असे मला अभियंता म्हणून वाटते.

क्रमांक १ च्या जुन्या महामार्गावर हेच केलेले आहे. ओहोळ आडवा आला की, रस्ता सरळ त्याच्या तळात उतरतो आणि पलीकडे चढतो. आपण ज्याला फरशी पूल म्हणतो, त्याचाच हा चुलतभाऊ. तेथे त्याला 'वादो' म्हणतात. काठावर पिवळी पाटी असते आणि तळाशी मीटरच्या खुणा रंगवलेला एक खांब. वर्षातले बहुतेक दिवस तो खांब कोरड्या वाळूत विनोदी दिसतो. पण पाणी आले की थांबायचे, खांब पाहायचा, आणि पाणी उतरेपर्यंत गाडीतच बसून राहायचे. दोन-चार तासांत रस्ता पुन्हा मोकळा होतो, वर चिखल साचलेला असतो तेवढाच. पूल वाहून जाण्यापेक्षा मला हा दुतोंड्याचा मार्ग शहाणपणाचा वाटतो, जरी कोरड्या वादोत भरधाव गाडी आदळून स्वतःचे डोके छताला लावून घेण्याचा पराक्रम मीच केलेला असला तरी.

प्रश्न : सिन्नरजवळ जुन्या शिर्डी रस्त्यावर माझे छोटे हॉटेल आहे. समृद्धी सुरू झाल्यापासून मुंबईचे गिऱ्हाईक तुटले. आपण ज्या किनारी रस्त्याविषयी लिहिता, तेथील छोट्या धंदेवाल्यांचे काय झाले?
— एक हॉटेलचालक, सिन्नर

उत्तर : जे धंदे खराब रस्त्यावर जगत होते, त्यांना सर्वाधिक झळ बसली. त्या वाटेवर जागोजागी, जमिनीत उभा अर्धा पुरलेला टायर आणि त्यावर पांढऱ्या रंगाने 'यांतेरा' हा शब्द दिसे. आपल्याकडे पंक्चरवाला खांबाला टायर टांगतो तसेच. लाटांनी टायर फुटायचे थांबले, तसा या पंक्चरवाल्यांकडचा राबताही कमी झाला. गोन्झागाच्या दक्षिणेला, निर्जन माळावर 'कोकोज कॉर्नर' नावाचा एक थांबा होता. बिअरच्या रिकाम्या डब्यांच्या माळांनी सजवलेला, थंड पेय मिळणारा, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून वहीत नाव लिहून घेणारा. दिवसभर धक्के खाल्लेला माणूस तेथे थांबल्यावाचून पुढे जात नसे. नव्या रस्त्याची आखणी त्याला बाजूला ठेवून झाली. दुसरीकडे, सॅन फेलिपेच्या बाजूचे मासे विकणारे आणि गोन्झागाला खोल्या देणारे यांच्याकडे पूर्वी न येणारी कुटुंबे येऊ लागली.

परंतु आपली स्थिती त्यांच्याहून वेगळी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथील रस्ता उघडा आहे. ज्याला वाटेल त्याने कडेला छप्पर टाकावे, आणि ज्याला वाटेल त्याने गाडी बाजूला घ्यावी. कोकोचा थांबा नव्या रस्त्याच्या जवळ हलू शकत होता. समृद्धीला कुंपण आहे आणि ठरावीक ठिकाणीच उतरता येते, म्हणून आपले हॉटेल कितीही पुढे सरकवले, तरी ते गिऱ्हाईक मिळणार नाही. तेव्हा मुंबईची वाट पाहणे सोडून, आठवडाभर गल्ल्यावर एक वही ठेवावी आणि थांबणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक व वेळ लिहावी. एमएच १५ आणि एमएच १७ च्या, म्हणजे नाशिक व श्रीरामपूरकडच्या, गाड्या निम्म्याहून अधिक निघाल्या, तर भाजीपाल्याच्या टेम्पोवाल्यांसाठी पहाटे चारला चहा व भाकरी सुरू करून पाहावी, आणि पंजाबी भाज्यांचा फलक उतरवावा. वहीत काय निघाले ते कळवल्यास पुढील अंकात त्यावर लिहिता येईल.