भिशी कधी चुकली नाही, बाकी सगळं चुकलं

"मॅडम, पैसे बरे येतात पण २० तारखेला खात्यात काही नसतं, आणि कशावर गेले तेही सांगता येत नाही, माझ्यातच काही खोट आहे का?" हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, इतक्या जणांनी विचारलाय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. मोठेपणी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, गोष्टी लक्षात राहत नाहीत अशी लहानपणापासूनची मेंदूची अडचण) निदान झालेल्यांकडून तर हमखास येतो. एक केस सांगते, परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण शुभदा म्हणू.

शुभदा फिजिओथेरपिस्ट, साताऱ्याकडची, वय ३४. सकाळी एका क्लिनिकला आणि दुपारनंतर घरोघरी जाऊन पेशंट बघते, म्हणजे निम्मे पैसे पगाराचे आणि निम्मे कुणी ५०० कुणी ६०० असे यूपीआयवर टपकत राहतात. मुलाचं शाळेत लक्ष लागत नाही म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि तिथले प्रश्न ऐकता ऐकता हिलाच वाटायला लागलं, अरे हे तर माझंच वर्णन चाललंय. मग स्वतःची तपासणी. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केलं, मी नाही, समुपदेशकाने ते करूही नये, हे सांगून ठेवते कारण रील बघून स्वतःला एडीएचडी लावून घेणारेही खूप येतात. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात म्हणून डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. आईने जपून ठेवलेली होती, आणि चौथीपासून दरवर्षी तोच शेरा, हुशार आहे पण धांदरट. गोळ्या सुरू झाल्या, कामात लक्ष लागायला लागलं, पण गोळीने क्रेडिट कार्डाचं बिल भरलं जात नाही ना, म्हणून माझ्याकडे आली.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी तिला रोजचा खर्च वहीत लिहायला सांगितला, जे आपण सगळ्यांनाच सांगतो. पुढच्या वेळी ती तीन वह्या घेऊन आली. एक जाड पुठ्ठ्याची, एक ठिपक्यांच्या पानांची, एक छापील बजेटची, सोबत रंगीत पेनं, सगळे मिळून १,१४० रुपये. पहिल्या वहीत चार दिवसांचा हिशोब मोत्यासारख्या अक्षरात, पाचव्या दिवशी नुसतं "भाजी", पुढे रक्कमसुद्धा नाही, आणि मग कोरी पानं. ती रडायला लागली, "बघा मॅडम, हेही जमलं नाही". पण ते जमणारच नव्हतं. ज्याची अडचणच लक्षात ठेवण्याची आहे त्याला रोज आठवणीने लिही म्हणणं म्हणजे चष्मा हरवलेल्या माणसाला बारीक अक्षरातल्या यादीतून चष्मा शोध म्हणण्यासारखं.

होतं काय की एडीएचडीमध्ये बऱ्याच जणांसाठी वेळ दोनच प्रकारची असते, आत्ता आणि नंतर कधीतरी. कार्डाचं बिल नंतर कधीतरीच्या पोत्यात जातं, समोरचा सेलमधला कुर्ता मात्र आत्ता असतो. पूर्वी निदान पाकिटातली नोट जाताना दिसायची, आता क्यूआर स्कॅन केला की टिंग वाजतं आणि झालं. शुभदाच्या कार्डावर ४६,००० थकले होते आणि ती दर महिन्याला "मिनिमम" म्हणून साधारण २,३०० भरत होती, भरतेय म्हणून निर्धास्त. आम्ही कागदावर मांडलं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,६१० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण २९०, झाले १,९००. म्हणजे २,३०० मधले जेमतेम ४०० मूळ रकमेतून कमी होत होते, आणि थकबाकी असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ते तर तिला माहीतच नव्हतं. दोन मिनिटं गप्पच बसली. नवऱ्याला हे माहीत नव्हतं, त्याची तक्रार फक्त एवढीच होती की "तुझे पैसे जातात कुठं गं?"

बजेट मूल्यांवर बसवावं असं म्हणतात, मलाही पटतं, पण "तुला महत्त्वाचं काय वाटतं" असं थेट विचारलं की माणसं इंटरव्ह्यूसारखी उत्तरं देतात, कुटुंब, आरोग्य, मुलांचं शिक्षण. म्हणून मी मे ते जुलैचं बँक स्टेटमेंट छापून आणायला सांगितलं आणि दोन स्केचपेनं दिली. पुन्हा करीन असा खर्च हिरवा, "हे काय होतं?" वाटेल तो लाल, बाकीचं तसंच सोडायचं. हे काम तिला आवडलं, कारण आठवायचं काही नव्हतं, सगळं समोर होतं. लाल भराभर झालं. कधीच न उघडलेल्या दोन ॲपची वर्गणी, लाईट बिलाचा दंड, घरात असूनही सापडली नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलेली चार्जरची वायर. असल्या खर्चाला परदेशातले लोक एडीएचडी टॅक्स म्हणतात, मला शब्द आवडला, निदान भरणाऱ्याला चोर तरी ठरवत नाही.

हिरवं फार थोडं निघालं. पण एका ओळीवर तिने इतका दाब देऊन हिरवं ओढलं की कागद फाटला. जूनमधले ६,२०० रुपये, होलसेलमधून क्रेप बँडेज, तेल, मलम. मी म्हटलं हे क्लिनिकचं दिसतंय. म्हणाली नाही, वारीचं. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम होतात, तिथे ही दरवर्षी दोन दिवस जाऊन वारकऱ्यांचे पाय बघते, फोड, सूज, पोटऱ्यांचे गोळे. आजोबा वारकरी होते. आणि हे सांगताना तिने एकदाही घड्याळ, फोन, खिडकी काही बघितलं नाही, जी बाई एरवी दर चार मिनिटांनी फोन उचलते. मग हळूच म्हणाली, ते पण कार्डावरच घेतले होते मॅडम.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, असे कुठले पैसे आहेत का जे तुझ्याकडून कधीच चुकले नाहीत? तिने पटकन सांगितलं, भिशी. बिल्डिंगमधल्या बारा जणी, २,००० रुपये, महिन्याचा पहिला रविवार, सहा वर्षं, एकदाही खंड नाही. बेजबाबदार म्हणवून घेणारी बाई! का चुकली नाही ते बघा, दिवस ठरलेला, रक्कम ठरलेली, समोर माणसं बसलेली, चहा आणि काहीतरी तिखट, आणि पाटीलकाकू तोंडावर विचारतात "आणलेस ना गं?" लक्षात ठेवायचं काम तिच्या डोक्यावर नव्हतंच. (अनोळखी लोकांच्या, जास्त परताव्याच्या भिशीत मात्र पडू नका, ती वेगळी गोष्ट आहे.)

तर आम्ही बाकीचे पैसेही भिशीसारखे करायचे ठरवले. पगार आणि पेशंटचे पैसे एका मोठ्या खात्यात, त्याचं यूपीआय फोनवरून काढून टाकलं, पेशंटसाठी बँकेचा छापील क्यूआर. त्या खात्यातून दर सोमवारी ३,५०० आपोआप छोट्या खात्यात, फोन फक्त त्यालाच जोडलेला. महिना नाही, आठवडा, कारण महिना तिला दिसतच नाही. त्यातले ५०० उडवायचे, विचारायचं नाही, हे मी हट्टाने ठेवलं, ज्या बजेटमध्ये उडवायला जागा नसते ते पंधरा दिवसांत मोडतं. वारीसाठी महिन्याला ६०० रुपयांची आरडी (दरमहा ठरलेली रक्कम साठवणारं बँकेचं खातं), पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कट. कार्डाची ऑनलाइन खरेदी बँकेच्या ॲपमधून बंद केली, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून ही सोय सगळ्या बँकांना द्यावी लागते, पण फार कमी लोक वापरतात. पासवर्ड नवऱ्याकडे देऊन टाका हा सल्ला मी देत नाही, मोठ्या बाईला पॉकेटमनी मागायला लावून कुणाचं भलं झालेलं बघितलं नाही. त्याच्याशी एकदा तिघं बसून बोललो, ४६,००० चा आकडा तिने स्वतः सांगितला, तो चिडला, मग दोन दिवसांनी शांत झाला.

दिवाळीनंतर भिशीची नवीन फेरी होती, तिने पहिला नंबर मागून घेतला, कारणही सांगितलं बायकांना, आणि २४,००० थेट कार्डावर भरले. उरलेलं महिन्याला ४,००० करत जूनमध्ये मिटलं. मध्ये दोनदा कार्यक्रम बिघडला, एकदा मुलाच्या वाढदिवसाला, एकदा नुसतंच. त्या दुसऱ्या वेळी गुरुवारी फोन आला, "मॅडम, सोमवारचे आजच संपले."

"मग?"

"मग काय, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून नेतेय सोमवारपर्यंत. पण मॅडम, मला कळलं तरी की संपले."

तिसरी वही अजून कोरीच आहे, मुलगा त्यात डायनोसॉर काढतो.