एआर-१५, चिनी बंदूकवेडे आणि १.८ जूलची रेघ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत दुकानात विकत मिळणारी एआर-१५ रायफल आणि ती आयुष्यात कधी हातात न येणारे चिनी हौशी, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक) : चीनमध्ये सामान्य माणसाला बंदूक मिळत नाही. मग तिथली पोरं अमेरिकन एआर-१५ चा स्क्रू न् स्क्रू कशी ओळखतात?

मिळत नाही म्हणूनच, हे निम्मं उत्तर झालं. तिथला बंदूक नियंत्रण कायदा १ ऑक्टोबर १९९६ पासून लागू आहे. परवानाधारक शिकारी, ठरावीक भागातले पशुपालक आणि नेमबाजीच्या संस्था सोडल्या, तर इतरांसाठी दार बंद. (ग्वेइचौ प्रांतातल्या बाशा या म्याओ जमातीच्या गावात पुरुष अजून ठासणीच्या बंदुका घेऊन फिरतात, तो अपवाद पर्यटकांना दाखवण्यापुरता प्रसिद्ध आहे.) 'जुन्मी' म्हणजे लष्करवेडे म्हणवणाऱ्या या मंडळींचं शिक्षण झालं ते शूटर गेम, उत्पादकांचे कॅटलॉग आणि लष्करी फोटो यांवर. 'क्रॉसफायर' हा गेम २००८ मध्ये चीनमध्ये आला, तेव्हा शाळेत असलेली पिढी आज कमावती आहे.

उरलेलं निम्मं उत्तर खुद्द रायफलीत आहे. यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत हिचा आराखडा केला. 'एआर' हे आर्मालाइटचं लघुरूप आहे, 'असॉल्ट रायफल'चं नव्हे. कोल्ट कंपनीने १९५९ मध्ये हक्क घेतले, १९६४ मध्ये नागरी आवृत्ती बाजारात आणली. स्टोनरच्या गॅस-यंत्रणेचं पेटंट १९७७ मध्ये संपलं आणि मग कोणीही उठून सुटे भाग बनवू लागलं. अमेरिकी केंद्रीय कायद्यात या रायफलीचा 'लोअर', म्हणजे चाप बसतो तो खालचा सांगाडा, तेवढाच 'बंदूक' मानला जातो. त्याच्यावर क्रमांक असतो आणि नवा विकत घेताना तो परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो. नळी, दस्ता, मूठ, पुढचा हँडगार्ड हे सगळं टपालाने घरी येतं.

सायकलवेडा माणूस गिअरचा संच, हब, हँडल यांबद्दल तासन्‌तास बोलतो, तोच हा प्रकार. 'क्लोन' हा त्यातला कळस. एखाद्या अमेरिकी तुकडीने जी रायफल वापरली, तिच्यावरची रेल (जोडण्या बसवायची खाचांची पट्टी), टॉर्च, दुर्बीण सगळं हुबेहूब जमवायचं. मार्क-१८ या आखूड अमेरिकी लष्करी रायफलीची नळी १०.३ इंचांची, हे चीनच्या चेंगतू शहरातला मुलगा झोपेतही सांगेल. अमेरिकेत मात्र १६ इंचांखालच्या नळीची रायफल १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदवावी लागते. म्हणून तिथले कित्येक नागरिक १४.५ इंची नळीच्या तोंडावर लांब फ्लॅश हायडर (भडका दडवणारी नळकांडी) कायमचा जोडून १६ इंच भरवतात. चिनी हौशी या तडजोडीला हसतात. त्यांची स्वतःची प्रतिकृती प्लॅस्टिकची असते, त्यामुळे तिच्या नळीची लांबी कोणी मोजत नाही. मोजतात ते दुसरंच, आणि ते पुढच्या प्रश्नात येतं.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्याकडे जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडतात. अशाच स्टॉलसाठी चीनमध्ये एका बाईला तुरुंगवास झाला म्हणे. खरं आहे?

खरं आहे. तियानचिन शहरात रस्त्यावर फुग्यांचा स्टॉल लावणाऱ्या ५१ वर्षांच्या बाईंना ऑक्टोबर २०१६ मध्ये पोलिसांनी पकडलं. नऊ बंदुका जप्त झाल्या, त्यांतल्या सहा तपासणीत 'खऱ्या' ठरल्या. डिसेंबरमध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. गदारोळ उठल्यावर जानेवारी २०१७ मध्ये अपिलात ती तीन वर्षांची स्थगित शिक्षा झाली आणि बाई घरी आल्या.

खरी कशी ठरते, ते गणित पाहू. छरा नळीतून सुटताना त्याची ऊर्जा जूलमध्ये मोजायची आणि छऱ्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागायची. उत्तर दर चौरस सेंटिमीटरला १.८ जूल किंवा जास्त आलं की कायद्याच्या लेखी ती बंदूक. हा आकडा जवळून डोळ्याला होणाऱ्या इजेवरून ठरवला आहे. त्याआधीची कसोटी २५.४ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या पाइनच्या फळीवर गोळी झाडून पाहण्याची होती. म्हणजे रेघ एकदम कितीतरी खाली आली, आणि काल खेळणं असलेली वस्तू आज गुन्हा ठरली.

६ मिलिमीटरची, ०.२ ग्रॅमची प्लॅस्टिक गोळी घ्या. क्षेत्रफळ ०.२८३ चौरस सेंटिमीटर, म्हणून मर्यादा ०.५१ जूल, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ७१ मीटर. जपानमध्ये १.८ च्या जागी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ३.५ जूल आहे, तिथे तीच गोळी ९९ मीटरपर्यंत चालते. जपानच्या दुकानातून उघडपणे घेतलेली एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी) एआर-१५ शांघायला नेली तर काय होईल, ते यावरून समजा.

आता आपली जत्रा. ४.५ मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छरा सेकंदाला फक्त १०० मीटरने सुटला, तरी ऊर्जा अडीच जूल आणि भागाकार १५.७ येतो, चिनी रेघेच्या जवळजवळ नऊपट. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत .१७७ बोअरच्या, म्हणजे याच ४.५ मिलिमीटरच्या, एअरगनला परवाना लागण्याची सीमा २० जूल आहे. चिनी हिशेबाने ती सत्तरपट भरते.

शिक्षेचं कोष्टकही याच आकड्यावर उभं आहे. हवेच्या किंवा गॅसच्या बंदुका दोन सापडल्या की बेकायदा बाळगल्याचा गुन्हा, पाच सापडल्या की 'गंभीर', आणि गंभीरला तीन ते सात वर्षं. तियानचिनच्या बाईंच्या सहा होत्या. सिचुआनच्या एका तरुणाने तैवानहून २४ नकली बंदुका मागवल्या, त्यांतल्या २० रेघेच्या वर गेल्या. २०१५ मध्ये त्याला तस्करीसाठी जन्मठेप झाली, फेरसुनावणीत २०१८ च्या अखेरीस ती सात वर्षं तीन महिन्यांवर आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणि अभियोक्ता कार्यालयाने सांगितलं, की कमी ताकदीच्या अशा वस्तूंच्या बाबतीत नुसते नग मोजू नका. हेतू, वापर, किंमत, धोका हेही पाहा. १.८ ची रेघ मात्र तिथेच आहे.

प्रश्न (पुणे) : शेन्झेनहून आलेल्या मित्राने एम-४ चं धातूचं छोटं मॉडेल दिलं. खोक्यावर १:२.०५ असं विचित्र प्रमाण आहे. सरळ १:२ का नाही?

कारण १:२ पोलिसांच्या तावडीत येतं. एम-४ ही एआर-१५ ची आखूड लष्करी बहीण. 'नकली बंदूक' ठरवण्याच्या चिनी नियमात एक कसोटी अशी : दिसायला खऱ्यासारखी आणि लांबी खऱ्या बंदुकीच्या निम्म्यापासून पूर्ण लांबीपर्यंत. एम-४ दस्ता ओढून ८३.८ सेंटिमीटर. भागिले २.०५, म्हणजे ४०.९. निम्म्याहून सेंटिमीटरभर कमी. कायद्याने आखलेलं इतकं चोख खेळणं दुसरं क्वचितच सापडेल. तुमच्या मॉडेलवर पट्टी धरून बघा.

जेलच्या गोळ्यांच्या बंदुकांचं दुखणं वेगळं. पाण्यात फुगलेली ७ मिलिमीटरची गोळी साधारण ०.१८ ग्रॅम भरते. ऊर्जेवरून 'नकली बंदूक' ठरण्याची खालची रेघ दर चौरस सेंटिमीटरला ०.१६ जूल, म्हणजे या गोळीला सेकंदाला २६ मीटर, वरची १.८ म्हणजे ८८ मीटर. ७० मीटरने मारणारी जेल-बंदूक बरोबर मधल्या पट्ट्यात बसते. गुन्हा नाही, पण जप्ती पक्की. आणि स्प्रिंग बदलून 'जरा जोर वाढवला' की वरची रेघ हाकेच्या अंतरावर. तिथले अनेक जण अडकले ते या स्प्रिंगपायी.

प्रश्न (ठाणे) : चीनने एम-१६ ची नक्कल केली होती ना?

हो, एम-१६ म्हणजे एआर-१५ चीच लष्करी आवृत्ती. नक्कल म्हणजे नॉरिन्को या चिनी सरकारी शस्त्रकंपनीची 'सीक्यू', १९८० च्या दशकातली. व्हिएतनाममधून हाती आलेल्या एम-१६ वरून उतरवलेली. गोलसर मुठीवरून लगेच ओळखू येते. ती थोडी अमेरिकेतही विकली गेली. खरा पूर आला तो एसकेएसचा. चिनी बनावटीची ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकेत शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळे. मे १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने चिनी रायफली-पिस्तुलांची आयात थांबवली, शॉटगन वगळल्या. त्यामुळे टेक्सासच्या एखाद्या आजोबांच्या कपाटात चिनी रायफल आहे आणि ती बनवणाऱ्या कामगाराच्या नातवाला ती गेममध्येच भेटते.

२०१९ च्या १ ऑक्टोबरच्या संचलनात चिनी सेनेने क्यूबीझेड-१९१ दाखवली. मॅगझिन चापाच्या मागे असलेली जुनी क्यूबीझेड-९५ ची घडण सोडून मॅगझिन पुढे, दस्ता आत-बाहेर सरकणारा, वर सलग रेल. जुन्मींनी वर्षानुवर्षं ज्या मांडणीची तरफदारी केली, ती सरकारी झाली.

प्रश्न (सोलापूर) : एआर-१५ साठीचा चिनी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायचं साधन) ऑनलाइन घेतला. माझ्या .१७७ स्प्रिंग एअर रायफलीवर तो नीट बसत नाही, बसवला तर गाल टेकत नाही, आणि पन्नास छऱ्यांत निशाणा सरकतो. माल खोटा आहे का?

माल बरा असू शकतो, तुमचं लग्न चुकीच्या घरात लागलंय. तीन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली, रेल. एआरवर पिकाटिनी रेल असते : खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१. तुमच्या एअर रायफलीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खोबण आहे. मधे ११ ते पिकाटिनी अडॅप्टर लागेल. 'वीव्हर' लिहिलेला घेऊ नका. त्याची खाच ४.५७ मिलिमीटर, पिकाटिनीचा आडवा दांडा तिच्यात उतरत नाही. लोक मग कानशीने घासतात आणि दोन्ही घालवतात.

दुसरी, उंची. एआरचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत मागे येतो, म्हणजे धक्का खांद्यात सरळ जातो आणि नळी वर उसळत नाही. पण मग डोळा नळीच्या खूप वर राहतो. म्हणून एआरचे माउंट रेलपासून ३५-३६ मिलिमीटर उंच असतात. तुमचा लाकडी दस्ता खाली उतरता आहे. गाल टेकवला की डोळा खाली येतो आणि ठिपका दिसत नाही. रेड डॉटखालचा उंचवटा चार स्क्रूंनी जोडलेला असेल तर तो काढा, खालचा माउंट लावा.

तिसरी, सरकणं. स्प्रिंग रायफलीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटतो तेव्हा पुढे. हा दुहेरी झटका एआरसाठी बनवलेल्या वस्तूने कधी पाहिलेला नसतो. अडॅप्टर मागे मागे सरकत जातो. खाली रोधखिळा असलेलाच अडॅप्टर घ्या, खिळा रिसीव्हरवरच्या भोकात बसवा. खोबण आणि स्क्रू स्पिरिटने पुसून तेल काढा, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब, आणि आवळताना १५ ते २० इंच-पौंड पुरे. पाना लांब असला की आटे जातात.

झिरो करताना, म्हणजे ठिपका आणि छरा जुळवताना, ध्यानात ठेवा : १ एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, १० मीटरवर २.९ मिलिमीटर. अर्ध्या एमओएचा एक टिचका १० मीटरवर दीड मिलिमीटरही हलत नाही. तिथे छरा ३ सेंटिमीटर बाजूला पडत असेल तर वीस-एकवीस टिचके द्यावे लागतील. 'फिरवून काही होत नाही' ही तक्रार बहुधा दोन-चार टिचक्यांवर थांबणाऱ्यांची असते.

प्रश्न (डॅलस) : मी एच-१बी वर आहे, चिनी सहकारीही. त्याला एकदा खरी एआर-१५ चालवायची आहे. रेंजवर भाड्याने मिळते, मग हरकत काय?

हरकत व्हिसाची आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर (एच-१बी, एल-१, एफ-१) आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि रेंजवर तासाभरासाठी हातात घेणंही बाळगणंच धरलं जातं. कायदा व्हिसा पाहतो, तुम्ही मराठी आणि तो चिनी याने फरक पडत नाही. रूढ वाट एक : कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो दोघांनी आपापल्या नावाने आधी काढावा, पासपोर्टसह सोबत न्यावा, आणि रेंजला फोन करून त्यांचे नियम विचारावेत. काही जागी ते आणखी कडक असतात. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही, पण म्हणून त्याने स्वतःची रायफल परवाना नसलेल्या तुमच्या हातात द्यावी असं नव्हे.

दोन गोष्टी आणखी. सहकाऱ्याने हौसेने एआरचा दस्ता किंवा दुर्बीण घरी चीनला पाठवायची म्हटली तर थांबवा. त्यांना अमेरिकी निर्यात परवाना लागू शकतो, वस्तू मुळात चीनमध्येच बनलेली असली तरी. आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात येताना वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर शस्त्र अधिनियम १९५९ खालचा गुन्हा ठरतं. कप्पे उलटे करून झटका.

प्रश्न (राधानगरी) : एवढी बंदी असून चीन ऑलिंपिकमध्ये पुढे कसा?

बंदुका संस्थेच्या, माणसाच्या नव्हेत. क्रीडा शाळेत लहानपणी निवड, सराव संपला की रायफल शस्त्रागारात जमा. १९८४ मध्ये चीनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण शू हायफंग यांनी पिस्तुलावर मिळवलं. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये तुमच्या तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं, तेव्हा ४६३.६ गुणांनी पहिला आलेला लियू युकुन चीनचाच. ती .२२ ची एकेक काडतूस भरायची रायफल, एआर-१५ शी तिचं नातं नाही, आणि जुन्मींना तिच्यात फारसा रसही नाही.