मालकाचे पत्र आणा म्हणाले तर काय करावे

आपण लिहिले आहे की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात पंधरा-वीस कामगार युनियनसाठी तयार आहेत, बाकीच्यांशी कसे बोलावे हे उमगत नाही, आणि नोंदणीची चौकशी करायला गेलात तेव्हा ‘हे आमचेच कामगार आहेत असे मालकाचे पत्र आणा’ असे सांगण्यात आले. हे शेवटचे वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो, कारण याच पत्राने आमची पहिली युनियन जन्माआधीच संपवली.

मी वकील नाही, आयुष्य यंत्रमागावर गेलेला माणूस आहे. कायद्याबाबत जे लिहितो ते एखाद्या कामगार वकिलाकडून तपासून घ्यावे. मात्र एवढे खात्रीने सांगतो की नोंदणीसाठी मालकाची संमती लागत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात किमान सात सभासदांच्या सह्यांचा अर्ज, युनियनची नियमावली आणि सभासदसंख्या कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढी, अशी अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे.

आमच्या वेळी संबंधित कार्यालय पत्र मागून थांबले नाही. आम्ही पत्र आणत नाही असे पाहून त्यांनी ‘पडताळणीसाठी’ स्वतःच मालकाला लिहिले आणि सोबत सह्या करणाऱ्यांची यादी जोडली. त्यानंतर जे झाले त्यात आरडाओरड, दमदाटी असे काहीच नव्हते, म्हणून त्याची तक्रार करणेही अवघड होते. दोघांचे माग ‘दुरुस्तीला’ काढले गेले आणि दुरुस्तीचा माणूस काही आला नाही. मजुरी नगावर असल्याने माग बंद म्हणजे घर बंद. ज्याच्यावर दिवाळीची उचल बाकी होती, त्याला ती एकरकमी फेडायला सांगितले. कांड्या भरणाऱ्या बायकांपैकी एकीला मुकादमाने एवढेच विचारले, ‘अक्का, तुझेही नाव आहे म्हणे?’ पुढे ‘आमची सही फसवून घेतली’ असे टाइप केलेले कागद कार्यालयात पोहोचले आणि सर्वांचा मजकूर शब्दाशब्दाने एकच होता. तो एकसारखेपणा तेथील एकाही साहेबाच्या नजरेत भरला नाही. आमच्या अर्जातील पिनकोड चुकल्याची त्रुटी मात्र त्यांना बरोबर सापडली. असो.

यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, कामावर असल्याचा पुरावा कामगाराच्या स्वतःच्या हाती असल्याखेरीज एकाचीही सही घेऊ नये. ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, मोबाइलवर दिसणारे पीएफचे पासबुक, मजुरीची चिठ्ठी, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, यांपैकी दोन गोष्टी प्रत्येकाकडे असल्या की मालकाला विचारण्याचे निमित्तच उरत नाही. हे कागद जमवताना चिठ्ठीवर कोणत्या फर्मचे नाव आहे ते नीट पाहा. आपल्या सोलापुरात एकाच छताखालचे माग मालकाच्या, पत्नीच्या आणि मुलाच्या अशा तीन नावांवर असणे नवीन नाही. पीएफसाठी २० आणि ईएसआयसाठी १० कामगारांची मर्यादा चुकवण्यासाठी ती सोय केली जाते, आणि युनियनच्या वेळी तीच आपल्याला नडते. ‘हा आमचा कामगारच नाही’ असे तिघेही म्हणू शकतात. म्हणून एका कारखान्याची युनियन काढण्यापेक्षा शहरातील यंत्रमाग उद्योगाची युनियन नोंदवावी असे मला वाटते. तेथे १०० सभासद पुरतात आणि यादीत एका कारखान्याची माणसे उठून दिसत नाहीत. १०० जमवणे सोपे नाही, हे मान्य.

अर्ज देताना पोहोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी त्रुटी काढल्यास ‘लेखी द्या’ एवढेच नम्रपणे म्हणावे. आमच्या अनुभवात निम्म्या त्रुटी तेथेच गळून पडतात. उत्तर आले नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात आपल्या अर्जाची सद्यःस्थिती विचारावी.

आता बोलण्याविषयी. माग चालू असताना कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि दोन डोकी जवळ आलेली जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) लांबूनही दिसतात. गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर मुकादमही असतो. त्यामुळे घरी जाऊनच बोलावे, आणि पहिल्या भेटीत युनियन हा विषयही काढू नये. उचल किती उरली, मागच्या दिवाळीला बोनस कोणत्या हिशोबाने मिळाला, एवढे विचारून ऐकत बसावे. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे, आणि तो हिशोब कागदावर मांडून दाखवला की पुढचा प्रश्न समोरचाच विचारतो. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगू येणाऱ्यालाच पाठवावे. पद्मशाली घरातील सासूबाईंना मराठीतून कितीही समजावले तरी सुनेची सही मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला असल्यास आजच बंद करावा.

‘युनियनमुळेच गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य आपल्याला प्रत्येक घरात ऐकू येईल, कारण जुनी मिल किंवा लक्ष्मी-विष्णू या बंद पडलेल्या गिरण्यांमधून घरी बसलेला कोणीतरी बहुतेक घरांत असतोच. त्यावर वाद घालू नये. जुनी यंत्रे, मालकांचे हिशोब, बदललेला बाजार हे सगळे खरे असले तरी ज्याची नोकरी गेली त्याला ते व्याख्यान वाटते. त्यापेक्षा सोलापूरजवळच्या कुंभारीची वसाहत दाखवावी: विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर उभी केलेली १० हजार घरे, २००६ मध्ये ताब्यात मिळालेली. आपल्या कारखान्यातील कोणाची ना कोणाची मावशी तेथे राहत असेलच. तिलाच बोलू द्यावे.

ज्यांच्यावर मोठी उचल बाकी आहे त्यांची सही सर्वांत शेवटी घ्यावी, आणि ते आज नाही म्हणाले तर त्यांना फितूर ठरवू नये. सभासद वर्गणी कितीही थोडी असली तरी तिची क्रमांक घातलेली पावती पहिल्या दिवसापासून फाडावी आणि पावतीपुस्तक कारखान्याच्या लॉकरमध्ये न ठेवता कोणाच्या तरी घरी ठेवावे.