वाचकांचे प्रश्न : स्पेन-पोर्तुगालला बाईकवर जायचंय, रूट कसा आखायचा?

परदेशात बाईक चालवण्याबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. नाशिकमधून आलेले बहुतेक प्रश्न स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सच्या दक्षिण भागाबद्दलच होते, त्यातले चार घेतोय.

प्रश्न (सिडको) : दादा, आम्ही चार मित्र जूनमध्ये दहा दिवसांसाठी जातोय. बार्सिलोनाला बाईक भाड्याने घेणार, तिथेच परत देणार. पिरेनीज, बोर्दो, पोर्तो, लिस्बन, सेव्हिल, ग्रॅनडा असं सगळं गुगलवर टाकलं तर तीन हजार किमीच्या पुढे जातंय, म्हणजे रोज तीनशे. आपण नाशिक-गोवा एका दिवसात मारतो, मग हे जमायला हरकत नाही ना?

उत्तर : जमेल, पण बघायला मिळेल तो फक्त हायवे. दहातला पहिला दिवस बाईक ताब्यात घेण्यात आणि शेवटचा परत देण्यात जातो, राहिले आठ, त्यात एक पावसाचा किंवा आरामाचा धरा. घाटात चहापाणी, फोटो धरून ताशी ४५-५० च्या वर सरासरी पडत नाही, त्यामुळे दिवसाला २०० ते २५० किमी म्हणजे भरपूर झालं. मी तर सरळ सांगेन, पोर्तुगाल आणि खालचा स्पेन पुढच्या वेळी करा, यावेळी फक्त पिरेनीज धरा, कारण स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या या डोंगररांगेत दोन्ही बाजूंनी जे रस्ते आहेत ना ते बाईकवाल्यासाठीच केलेत असं वाटतं.

बार्सिलोनाहून रिपोल गाठा आणि तिथून एन-२६० पकडा. हा स्पेनच्या बाजूने डोंगराला समांतर जाणारा रस्ता, रिपोल ते पुइगसेर्दा मधला तोसेसचा घाट म्हणजे वळणामागून वळण, मग ला सेउ, सोर्त, कास्तेहोन दे सोस करत आईन्सापर्यंत या. आईन्साला मुक्काम करा, दगडी जुनं गाव आहे, सुंदर आहे. तिथून एक चक्कर मारायची जिच्यासाठी खरं तर एवढ्या लांब जायचं : आईन्सा, ब्रोतो, बिएस्कास, मग वर पोर्तालेत खिंड (१७९४ मीटर), तिथे फ्रान्समध्ये शिरलात की खाली लारुन्स, मग ओबिस्क खिंड (१७०९ मीटर), लूझ गाव, तुर्माले खिंड (२११५ मीटर), आस्पां खिंड, आरो गाव आणि बिएल्साच्या बोगद्यातून परत आईन्सा. तीनशे किमीच्या पुढे जातं हे, एका दिवसात करू नका, मधे लूझला राहा. ओबिस्क उतरताना सूलोर खिंडीच्या आधी रस्ता कड्यात कोरलेला आहे, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी, मधे लहान बोगदे, आत अंधार, आणि गाई-घोडे मोकळे सोडलेले असतात ते रस्त्यावरच उभे असतात, त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी गॉगल वर करून वेग कमी करा.

जूनचं एक लक्षात ठेवा, तुर्मालेसारख्या उंच खिंडी बर्फामुळे मे अखेर किंवा जूनमध्ये उघडतात, दरवर्षी तारीख वेगळी. खाली गावातच खिंड उघडी की बंद याची पाटी असते. फ्रेंचमध्ये 'उव्हेर' म्हणजे उघडी, 'फर्मे' म्हणजे बंद. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा आणि प्रत्येक खिंडीला पर्यायी रस्ता आधीच काढून ठेवा.

प्रश्न (इंदिरानगर) : मोबाईल असताना कागदी नकाशा लागतो का? आणि घरी बनवलेला रूट जीपीएसमध्ये टाकला की तो भलताच रस्ता दाखवतो, असं का होतं?

उत्तर : कागदी नकाशा लागतोच, आणि तो निघायच्या आधी घरी लागतो. मोबाईलला फक्त लवकर कसं पोचायचं तेवढं कळतं, आपल्याला हवा असतो चांगला रस्ता. मिशेलिनचे नकाशे घ्या, त्यात निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ मारलेली असते आणि चढावर बाणासारख्या खुणा असतात, एक खूण म्हणजे साधा चढ, तीन म्हणजे १३ टक्क्यांच्या वर, बाणाचं टोक चढाच्या दिशेला. १:४,००,००० चा प्रादेशिक नकाशा घ्यायचा, म्हणजे एका सेंटिमीटरला ४ किमी. अख्ख्या स्पेन-पोर्तुगालचा १:१०,००,००० चा असतो तो भिंतीवर लावायला आणि ढोबळ अंदाजाला ठीक, घाट निवडायला नाही. जेवणाच्या टेबलावर पसरा, चौघं बसा, पेन्सिलने हिरव्या रेघा जोडत जा, कुर्विगर किंवा कालिमोटो हे वळणांचे रस्ते काढून देणारं ॲप नंतर उघडा.

आता भलत्या रस्त्याचं. घरी बनवलेला रस्ता ज्या फाईलमधून जीपीएसमध्ये जातो त्या जीपीएक्स फाईलमध्ये रूट आणि ट्रॅक असे दोन प्रकार असतात. रूट म्हणजे फक्त काही ठिकाणं, मधला रस्ता तुमचं यंत्र स्वतःच्या सेटिंगप्रमाणे परत काढतं, म्हणून घरी घाटातून दिसलेला रस्ता तिकडे हायवेने जातो. ट्रॅक म्हणजे नकाशावर ओढलेली पक्की रेघ, ती बदलत नाही. दोन्ही ठेवा, आणि रूटमध्ये प्रत्येक फाट्याच्या थोडं पुढे एक पॉईंट टाका, फाट्यावर किंवा गावाच्या मध्यभागी नको, नाहीतर यंत्र तुम्हाला गल्लीत नेऊन परत फिरवतं. ऑफलाईन नकाशे डाउनलोड करून ठेवा, दरीत रेंज जाते. आणि काही भागांत पाट्यांवर गावांची नावं दोन भाषांत असतात, पाम्पलोनाला इरुन्या, सान सेबास्तियनला दोनोस्तिया, तर नकाशावर दोन्ही लिहून ठेवा.

प्रश्न (नाशिकरोड) : अँडोराला टॅक्स कमी म्हणून खरेदीला जायचं ठरवलंय, शेंगेन व्हिसावर चालेल ना?

उत्तर : अँडोरा हा पिरेनीजमधला छोटा देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नाही. तिथे जाऊन परत स्पेन किंवा फ्रान्समध्ये यायचं म्हणजे पुन्हा प्रवेश, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसा असेल तर जाऊ नका, अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून रूट आधी पक्का करा. अँडोरा युरोपियन युनियनमध्येही नाही, त्यामुळे युरोपचं सिमकार्ड तिथे महाग पडू शकतं, शिरायच्या आधी डेटा बंद करा. भाड्याच्या बाईकचा विमा अँडोराला लागू आहे का तेही लेखी विचारून घ्या. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून मिळतं, सोबत मूळ लायसन्सही लागतं.

प्रश्न (दिंडोरी) : माझी द्राक्षबाग आहे, वय ५८. बायकोला मागे बसवून पोर्तुगालची द्राक्षं बघायची इच्छा आहे. झेपेल का?

उत्तर : काका, नक्की जा, आणि सप्टेंबरमध्ये जा. आपल्याकडे जानेवारी ते मार्चला काढणी, तिकडे दौरू नदीच्या खोऱ्यात ती सप्टेंबरमध्ये असते, माणसं टोपल्या घेऊन उतारावर दिसतील. या खोऱ्याची द्राक्ष-वाईनची हद्द १७५६ साली ठरवली गेली आणि २००१ पासून ते जागतिक वारसा आहे. बागा सपाटीवर नाहीत, डोंगर कापून दगडी बांध घालत खाली नदीपर्यंत उतरवल्यात, तुमच्या डोळ्याला त्यातली मेहनत लगेच कळेल.

पोर्तोला बाईक घ्या, पेसो दा रेग्वाला राहा आणि तिथून पिन्याऊपर्यंत एन-२२२ ने नदीच्या कडेकडेने जा, तीस किमीच्या आत आहे, रस्ता रुंद आणि वळणं सौम्य, मागे बसणाऱ्यालाही त्रास नाही. दिवसाला १५० किमीच्या वर ठरवू नका. गाड्या उजवीकडून चालतात, चूक शहरात होत नाही, सकाळी रिकाम्या रस्त्यावर पंपातून बाहेर पडताना माणूस सवयीने डावीकडे जातो, तेव्हा काकूंनाच मागून आठवण करून द्यायला सांगा. सर्कलला डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि पंपावर 'गाझोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल, नावं इतकी सारखी आहेत की नळी उचलायच्या आधी तिच्यावर ९५ लिहिलंय का ते बघाच.