बाहेर काढलं, आता पुढे?

बेटा,

परवा तू दारातच उभी राहून विचारलंस, "काका, ईएमटीचा कोर्स तर झाला, आता ॲम्ब्युलन्सवर जाऊ की अग्निशमन दलात?" ईएमटी म्हणजे दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणसाला तातडीचे उपचार देणारा, एवढं मलाही कळतं. तरी तुझ्या आईसमोर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर द्यायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी घरातही कधी पूर्ण सांगितलेली नाही. म्हणून लिहायला बसलो.

मला अग्निशमन दलात नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती. उन्हाळ्यातली दुपार. वर्दी आली की गावाबाहेरच्या एका तलावात मुलगा बुडालाय. आम्ही लवकर पोहोचलो. आमच्यातला एक जण पट्टीचा पोहणारा, त्याने तिसऱ्या बुडीत पोराला वर आणलं. बारा-तेरा वर्षांचा असेल. ओठ निळे, पण अंग मऊ होतं. त्याचा मित्र काठावर ओल्या चड्डीवर उभा, एका हातात स्वतःच्या चपला, दुसऱ्या हातात त्याच्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोट दाबा ना बाप्पा, पानी निघते!" आम्ही त्याला पालथं घातलं आणि पोट दाबलं. तोंडातून पाणी आलं, सकाळचा भात आला. लोक म्हणाले, वाचला. मग आम्ही ॲम्ब्युलन्सची वाट पाहत बसलो. मी दोर गुंडाळत होतो. बेटा, मी दोर गुंडाळत होतो, आणि तो माझ्यापासून चार हातांवर श्वास न घेता पडला होता.

रजिस्टरमध्ये त्या वर्दीसमोर लिहिलं गेलं, 'मुलास पाण्याबाहेर काढले.' आमच्या लेखी काम पूर्ण झालं होतं.

पुढे काही वर्षांनी एका प्रशिक्षणात एका डॉक्टरबाईंनी बुडालेल्या माणसाबद्दल सांगितलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोटातलं पाणी माणसाला मारत नाही, त्याला मारतो प्राणवायूचा अभाव. पोट दाबलं की पोटातलं अन्न वर येतं आणि थेट श्वासनलिकेत जातं, म्हणजे उरलीसुरली वाटही आपणच बुजवतो. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायला घ्यायची. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. त्या दिवशी आमच्याकडे किती मिनिटं होती, ते मला आता कधीच कळणार नाही.

तर माझं सांगणं एवढंच आहे. दलात माणसाला बाहेर काढणारे हात पुष्कळ आहेत. बाहेर काढल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्याला जिवंत ठेवणारे हात कमी आहेत. तुझे हात ते काम शिकून आलेत, म्हणून मला तू दलात हवी आहेस.

आता व्यवहाराचं बोलतो. मोबाइलवर तू अमेरिकेतले व्हिडिओ पाहतेस. तिथे लाल गाडीतून उतरलेला जवान आधी नाडी बघतो. तिकडच्या बऱ्याच शहरांत फायरमनला ईएमटी असावंच लागतं, आणि दलाला येणाऱ्या निम्म्याहून जास्त हाका आजारपणाच्या नि जखमांच्या असतात. आपल्याकडे घडी वेगळी बसली आहे. आगीला 101, ॲम्ब्युलन्सला 108. आपल्या राज्यात 108 ची सेवा 2014 पासून आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. मी पाहिलेल्या जाहिरातींत दलाची भरती असते ती 'अग्निशामक विमोचक' या पदाची. तुला तिथे ईएमटी म्हणून कुणी घेणार नाही. फायरमनचा कोर्स करावा लागेल, धावावं लागेल, शिडी चढावी लागेल, होज, म्हणजे बंबाची नळी, खांद्यावर घेऊन पळावं लागेल. तुझं सर्टिफिकेट त्या दिवशी फाइलमध्येच राहील. त्याचा उपयोग पहिल्या वर्दीला होईल, 108 अजून ट्रॅफिकमध्ये असेल आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ फक्त तू असशील तेव्हा.

आईची काळजी मला कळते. तिला एवढंच सांग की देशाचं अग्निशमन महाविद्यालय 1957 पासून आपल्याच नागपुरात आहे, आणि 2002 मध्ये तिथे दाखल झालेली पहिली मुलगीही आपल्या नागपूरचीच होती, हर्षिनी कान्हेकर. वाट नवी नाही. अवघड आहे, ते मात्र खरं.

आता त्या मधल्या वाटेबद्दल, म्हणजे बाहेर काढल्यानंतरच्या. पुस्तकात तू सगळं वाचलं आहेस. मी फक्त हाताखालून गेलेलं सांगतो.

इतवारीत एका गोदामाला रात्री आग लागली. चौकीदाराला आम्ही धुरातून बाहेर आणलं. चालत आला, बोलत होता, अंगावर कुठे भाजलेलं नाही. आमच्या एका पोराने ऑक्सिमीटर लावला, 98 आला. सगळे निर्धास्त झाले. मी त्याला पाणी दिलं तर तो म्हणाला, "साहेब, चाबी कुठी हाय?" चावी त्याच्याच मुठीत होती. मी दाखवली. त्याने पाहिली, मान हलवली आणि मिनिटभराने पुन्हा तेच, "चाबी कुठी हाय?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी उठलो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि आपल्या बोटावरच्या त्या चिमट्याला दोघांतला फरक कळत नाही. विषाने भरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं. पिशवीवाला मास्क, पूर्ण प्रवाहाने ऑक्सिजन, आणि तसंच मेयो रुग्णालयात. साध्या हवेत तो वायू रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. तो माणूस वाचला. तेव्हापासून धुरातून आलेल्या प्रत्येकाशी मी दोन मिनिटं गप्पा मारतो. नाव, गाव, आज वार कोणता, जेवलास काय. सोबत नाकातले केस जळलेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का, हेही बघून घ्यायचं. आवाज बदलत चालला असेल तर आत घसा सुजतोय. मग तिथे एक मिनिटही थांबू नकोस.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की उष्माघाताचे लोक रस्त्यावर सापडतात. डांबर टाकणारे, हमाल, रिक्षावाले. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नकोस. उन्हात राबणाऱ्याला शेवटपर्यंत घाम असू शकतो. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, एवढं पुरे. आधी थंड करायचं, मग हलवायचं. आणि इथे आपल्याकडे जे आहे ते कुठल्याच ॲम्ब्युलन्समध्ये नसतं, ते म्हणजे बंबातलं हजारो लिटर पाणी. फक्त नळी आधी थोडी जमिनीवर वाहू दे. उन्हात उभ्या गाडीच्या होजमधलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं गरम असतं. मग दाब अगदी कमी करून डोक्यापासून पायापर्यंत भिजव, कुणाला तरी वारा घालायला लाव, बर्फ मिळाला तर मान, काख, जांघ. भाजलेल्यालाही तेच पाणी, मंद धारेने, वीस मिनिटं. तिथे बर्फ नको. लोक हळद, टूथपेस्ट घेऊन धावत येतील, त्यांना रागावू नकोस. एखाद्या कामाला लाव, म्हणजे हात गुंततात.

संक्रांतीचा आठवडा आपल्या शहरात कसा जातो ते तुला माहीत आहे. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी दुचाकीवरच्या कुणाच्या तरी गळ्यावर तो येतोच. गळा कापला असेल तर जखम पुन्हा पुन्हा उघडून बघायची नाही. जिथून रक्त येतंय तिथेच बोटं रोवून दाबायचं, आणि डॉक्टर हात काढ म्हणेपर्यंत काढायचा नाही. मानेभोवती पट्टी आवळायची नाही. जखम हवाबंद झाकायची, कारण मानेतल्या उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. पूर्ण वाट तुझा हात भरून येईल, कळ मारेल. जोडीदाराला आधीच सांगून ठेव.

एका बाबतीत मी तुला हात जोडून सांगतो. गटार, विहीर, सेप्टिक टँक. आत एक जण पडलेला दिसतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडलेला, कधी तिसराही. वरून बायको ओरडत असते. तू ईएमटी आहेस, तुझा जीव त्याच्या नाडीकडे धावेल. आत विषारी वायू असतो. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क, चढवल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. तुला भेकड म्हणतील, म्हणू दे. विजेच्या तारेचंही तेच. लाइन बंद झाल्याची खात्री स्वतः केल्याशिवाय हात लावायचा नाही, "बंद केली हो" असं गर्दीतून कुणी म्हटलं तरी.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून नि श्वास देऊन जीव धरून ठेवणं, तुला येतो. मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाब आणि दोन श्वास. वर्गात बाहुली टेबलावर असते. खरा माणूस न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सापडतो. आधी त्याला मोकळ्या जागी ओढ, त्यात दहा सेकंद गेले तरी चालतील. गादीवर दाबत बसलीस तर गादीच दबेल. दर दोन मिनिटांनी माणूस बदल, तू थकली नसशील तरी बदल, कारण हात थकलेले आपल्याला उशिरा कळतात. अँबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची हातातली पिशवी, घाईने दाबू नकोस. छाती उचललेली दिसली की पुरे, जास्त हवा पोटात जाते.

2023 च्या सप्टेंबरात, 23 तारखेच्या पहाटे, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. ओळखीच्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंना पोरांनी बोटीतून नीट बाहेर आणलं. दुपारी त्या गुंगीत जायला लागल्या. इन्सुलिन पाण्याखालच्या फ्रिजमध्ये राहिलं होतं, आणि कुणी विचारलंच नव्हतं. बोटीत घेतानाच विचारायचं, "आजी, गोळ्या कुठल्या घेता? इंजेक्शन?" पिशवी हातात दिली तर तीसुद्धा सोबत घ्यायची. दहा सेकंदांचं काम आहे.

पेशंट कुठे न्यायचा, तेही डोक्यात असू दे. इतवारी-महालातून मेयो जवळ, सक्करदरा-मानेवाड्यातून मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मिहानच्या बाजूला एम्स. कॅज्युअल्टीचं गेट कुठल्या अंगाला आहे, स्ट्रेचर कुठे अडतं, हे सुटीच्या दिवशी स्वतः चालून बघून ये. आत दिल्यावर गोंधळात पळ काढू नकोस. काय झालं, आम्हाला काय दिसलं, आम्ही काय केलं, वाटेत काय बदललं, आणि प्रत्येकाची वेळ. तेवढं अर्ध्या मिनिटात सांग. मी चिकटपट्टीवर पेनाने लिहून पेशंटच्या बाहीवर लावत असे. कागद हरवतो, बाही हरवत नाही.

आणि रात्री झोप येणार नाही, असे दिवस येतील. त्या पोराचा मित्र मला अजून दिसतो, दोन्ही हातांत चपला घेऊन. मी अनेक वर्षं ते गिळत राहिलो, आणि घरच्यांवर चिडत राहिलो. तू तसं करू नकोस. ज्या वर्दीवर माणूस गेला, तिच्यानंतर स्टेशनवर आल्यावर गाडी धुण्याआधी जोडीदारासोबत बस. काय झालं ते दोघांनी बोला, काय चुकलं तेही. बोलता आलं नाही तर माझ्याकडे ये, रात्री दोन वाजता आलीस तरी चालेल. काकू दार उघडेल.

रविवारी सकाळी सातला महालात माझ्या जुन्या वाड्यावर ये. तिथला जिना अरुंद आहे, मध्ये वळतो, स्ट्रेचर वळत नाही. शेजारची दोन पोरं येणार आहेत, एक चादर नि एक लाकडी खुर्ची काढून ठेवतो. माणूस खाली उतरवताना पाय पुढे आणि डोकं वरच्या बाजूला, हे तुला पाठ असेलच. पण वळणावर कोणी थांबायचं आणि 'उचल' कोणी म्हणायचं, ते करूनच कळतं. पेशंट मी होईन. अठ्ठ्याहत्तर किलो आहे, सोपा जाणार नाही. ओढणी आणू नकोस, बूट घालून ये.

तुझा,
काका